बिअर्डेड ड्रॅगनचं घर : पेटीतलं ऊन आणि पेटीतली सावली

विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलं की एका सरड्याच्या पेटीवर तासभर बोलण्यासारखं आहे तरी काय. तासभर पुरणार नाही हीच खरी अडचण आहे, पण बघू. समोर बसलेल्यांमध्ये आणि ऑनलाइन ऐकणाऱ्यांमध्ये तीन प्रकारची मंडळी आहेत असं प्रश्नांवरून दिसतंय. काहींच्या घरी बिअर्डेड ड्रॅगन आधीच आलेला आहे. काहींची मुलं त्यासाठी मागे लागली आहेत. आणि काही मराठी कुटुंबं मेलबर्न-सिडनीकडची आहेत. त्यांच्याकडे हा प्राणी परदेशी नाहीच, तिथलाच. तिघांच्याही उपयोगी पडेल असं आज बोलू. पाळणारी मंडळी याला लाडानं ‘बिअर्डी’ म्हणतात, आपणही तेच म्हणू.

आम्ही कुणाच्या घरी पेटी बघायला जातो तेव्हा एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : ‘अगदी शांत आहे हो, काही त्रास नाही. दिवसभर एका जागी बसून असतो.’ हे कौतुकानं सांगितलेलं असतं. आमची शंका मात्र तिथूनच सुरू होते. बिअर्डी दिवसभर एका जागी बसून राहण्याची कारणं निरनिराळी असू शकतात. तो इतका गार पडलेला असेल की हलण्याइतकी ऊब अंगात नाही. किंवा पेटीत सगळीकडे सारखंच तापमान आहे, त्यामुळे इकडून तिकडे जाऊन फायदा नाही. किंवा हाडं मऊ झाली आहेत आणि चालताना दुखतंय. कुत्रा विव्हळतो, मांजर ओरडते, पण बिअर्डी यातलं काहीच करत नाही. म्हणून त्याची पेटी बरोबर आहे की नाही हे त्याच्या तोंडाकडे बघून ठरवता येत नाही. ते मोजावं लागतं, आणि मग तो दिवसभरात कुठून कुठे जातो हे बघावं लागतं. सुखातला बिअर्डी जागा बदलतो. ही खूण लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं बोलणं त्याभोवतीच आहे.

तो जागा का बदलतो हे समजून घ्यायला आधी त्याच्या मुलखात जाऊन येऊ. शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. राहतो ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागातल्या आतल्या कोरड्या पट्ट्यात : क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सचा समुद्रापासून दूरचा भाग, व्हिक्टोरियाचा वायव्य कोपरा, साउथ ऑस्ट्रेलिया वगैरे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हिवाळ्यात रात्री कडाक्याची थंडी पडते. बरेच जण याला ‘वाळवंटातला प्राणी’ म्हणतात आणि मग पेटीत नुसती वाळू पसरतात. पण तो पसरट वाळूच्या टेकड्यांवर राहणारा नव्हे. तिथे खुरटी झाडं असतात, वाळकी खोडं असतात, लाल घट्ट माती असते, आणि हा बराच वेळ उंचावर काढतो. शेताच्या कुंपणाच्या खांबावर बसलेला बिअर्डी हे तिथलं रोजचं दृश्य. सरड्याची धाव कुंपणापर्यंत ही म्हण तिकडेही लागू पडते म्हणा ना. आपल्या बागेतला कुंपणावरचा सरडा आणि हा एकाच कुळातले, अगॅमिडी कुळातले, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

आता त्याचा दिवस बघा. सकाळी तो उघड्या जागी येतो, अंग चपटं करतो, रंग गडद करतो. गडद रंग ऊन जास्त शोषतो, चपट्या अंगाला जास्त ऊन मिळतं. शरीर साधारण ३५-३६ अंशांपर्यंत आलं की रंग फिका पडतो आणि साहेब कामाला लागतात : किडे पकडणं, पाला खाणं, शेजाऱ्याला मान हलवून दम देणं. दुपारी ऊन फार झालं की सावलीत सरकतो. तरीही ताप वाढला तर तोंड उघडं ठेवून बसतो, म्हणजे तोंडातला ओलावा उडून डोकं थोडं गार होतं. संध्याकाळी पुन्हा ऊन घेतो. थंडीच्या दिवसांत जमिनीत किंवा खोडाखाली जाऊन आठवडेच्या आठवडे सुस्त पडून राहतो. म्हणजे आपलं शरीर जे काम आतल्या आत करतं ते काम हा चालून करतो. आपला जठराग्नी आत पेटलेला असतो, याचा बाहेरून पेटवावा लागतो. ऊब मिळाली नाही तर खाल्लेलं पचत नाही, पोटात कुजतं. आणि ऊब कमी करण्याची सोय मिळाली नाही तर तो काही तासांत मरू शकतो.

म्हणून पेटी म्हणजे काय, तर उन्हापासून सावलीपर्यंतचा उतार. एका टोकाला कडक ऊन, दुसऱ्या टोकाला सावली आणि मध्ये सगळ्या पायऱ्या. त्याला हवी ती पायरी त्यानं निवडायची. सोय करणं एवढंच आपलं काम.

हे एकदा पटलं की पेटीच्या मापाचा वाद आपोआप मिटतो. पूर्ण वाढलेला बिअर्डी शेपटीसकट ४५ ते ६० सेंटिमीटर लांब होतो, त्यातली निम्म्याहून जास्त शेपटी. दुकानात सर्रास दोन फुटी माशांचा टँक दिला जातो, ‘लहान आहे अजून, पुरेल’ असं सांगून. जागा पुरत नाही हे तर झालंच, पण मोठी अडचण वेगळी आहे. दोन फुटांत उतार बनतच नाही. एका टोकाला दिवा लावला की दहा मिनिटांत दुसरं टोकही तापतं. मग दोनच पर्याय उरतात, सगळीकडे गरम किंवा सगळीकडे कोमट. एका प्रौढ बिअर्डीला किमान १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच पेटी लागते, त्याहून मोठी मिळाली तर उत्तम. पिल्लू असेल तरीही याच पेटीत ठेवता येतं, फक्त लपायच्या जागा जास्त द्यायच्या. वर्षभरात तो जवळजवळ पूर्ण वाढतो, त्यामुळे लहान टँक घेऊन मग मोठा घेणं म्हणजे दोनदा खर्च. सुतार ओळखीचा असेल तर प्लायवुडची, समोर सरकत्या काचा असलेली पेटी करून घ्या. आमच्या मते काचेच्या टँकपेक्षा ती दहापट बरी : ऊब धरून ठेवते, तीन बाजू बंद असल्यानं प्राण्याला निवांत वाटतं, आणि चारही बाजूंना स्वतःचं प्रतिबिंब दिसून तो काचेवर पंजे घासत बसत नाही. हवा जायला एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर जाळीची खिडकी ठेवायला सांगा. आतून पाणी न शोषणारा रंग द्या आणि रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी रिकामी ठेवा.

आकडे विचारत होतात, ते सांगतो. ऊन खायच्या जागेच्या पृष्ठभागाचं तापमान प्रौढासाठी ३८ ते ४२ अंश सेल्सिअस. सावलीच्या टोकाला हवा २४ ते २८. रात्री सगळे दिवे बंद. १८ अंशांपर्यंत उतरलं तरी निरोगी बिअर्डीला चालतं, नव्हे, रात्रीचा गारवा त्याला मानवतोच. म्हणून आपल्याकडे बहुतेक घरांत रात्री हीटर लागत नाही. कुणी रात्रीसाठी लाल दिवा विकत देऊ केला तर घेऊ नका. त्यालाही तो दिवा दिसतो, त्याची झोप बिघडते. थंड प्रदेशात राहणाऱ्यांनी प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडून लावावा.

ऊब नेहमी वरून द्यायची, कारण सूर्य वर असतो. साधा हॅलोजन फ्लडलाइट यासाठी उत्तम, तोही डिमर थर्मोस्टॅटला जोडलेला. वॅटचा आकडा आम्ही सांगत नाही, कारण खोलीचं तापमान, पेटीची उंची यावर तो बदलतो. लहान वॅटपासून सुरुवात करून मोजत मोजत वर जायचं. दिव्याला त्याची उडी पोचणार नाही असं बघा. आणि खालून तापणारे ते कृत्रिम दगड मिळतात ना, हॉट रॉक म्हणून, ते मुळीच नकोत. पोटाखालून होणारा दाह या प्राण्याला वेळेवर जाणवत नाही; भाजून जखम होते तरी तो तिथेच बसलेला असतो. त्याऐवजी दिव्याखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा. पॉलिश केलेला ग्रॅनाइट नको, खडबडीत शहाबादीच. ती चांगली तापते, ऊब धरते, पंजांना पकड देते, नखं घासली जातात, आणि धुवायला सोपी. फरशीवाल्याकडे तुटका तुकडा बहुतेक वेळा फुकटच मिळतो. ती थोडी उंचावर, विटांवर किंवा जाड ओंडक्यावर मांडली तर कुंपणाच्या खांबाचं काम करते.

मोजायचं कशानं? पेटीला चिकटवायचे ते घड्याळासारखे तापमापक शोभेचे आहेत असं समजा. फरशीच्या पृष्ठभागासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर, म्हणजे ती बंदूक, आणि सावलीच्या टोकाला वायर असलेला डिजिटल तापमापक. कोरोनाच्या काळात घराघरात आलेली कपाळाची बंदूक अनेक जण वापरतात. ती शरीराच्या मोडवर असेल तर मोजलेल्या आकड्यात स्वतःच फेरफार करून दाखवते, फरशीसाठी तो आकडा खरा धरू नका.

इथपर्यंत ऊब झाली. आता जे डोळ्यांना दिसत नाही त्याकडे येतो, आणि इथेच सगळ्यात जास्त प्राणी हातचे जातात.

सूर्यप्रकाशात अतिनील किरणांचा यूव्हीबी नावाचा पट्टा असतो. तो कातडीवर पडला की कातडीतल्या एका कोलेस्टेरॉलसारख्या द्रव्यापासून ड जीवनसत्त्वाचं पूर्वरूप तयार होतं. त्या पूर्वरूपाचं प्रत्यक्ष डी-३ मध्ये रूपांतर व्हायला मात्र ऊब लागते. पुढे यकृत आणि मूत्रपिंडात त्यावर काम होऊन ते वापरण्याजोगं होतं, आणि मग आतड्यातून कॅल्शियम शोषलं जातं. यातली एक कडी निसटली की शरीर रक्तातली कॅल्शियमची पातळी राखण्यासाठी हाडांतून कॅल्शियम काढू लागतं. एका अर्थानं शरीर घरचं सोनं मोडून रोजचा खर्च भागवत असतं. खालचा जबडा रबरासारखा मऊ होतो, पायाची बोटं थरथरतात, पाय वाकडे होतात, पाठीचा कणा वळतो. वाढत्या पिल्लांत हे काही आठवड्यांतही दिसू लागतं. वेळीच ओळखलं तर आजार थांबवता येतो, पण वाकलेलं हाड सरळ होत नाही.

एका घरी आम्हाला बोलावलं होतं. पेटी सुंदर, सजवलेली, निळसर दिवा छान पेटलेला, खाण्यापिण्यात कसूर नाही, रोज कॅल्शियमची पूड. दहा वर्षांची मुलगी त्याला स्वतः भरवायची. प्राण्याचा जबडा तरीही मऊ झालेला. कारण काय? दिवा पेटीच्या वर ठेवलेला आणि मध्ये काचेचं झाकण. काचेतून उजेड येतो, निळी झाक येते, थोडी ऊबही येते. यूव्हीबी जवळजवळ येत नाही. तिच्या आजोबांनी विचारलं, ‘पण खिडकीत ऊन येतं तिथेही ठेवतो की आम्ही रोज.’ खिडकीची काच बंद होती. सहा महिने तो प्राणी दोन दोन काचांमागे बसून होता आणि सगळ्यांना वाटत होतं की ऊन मिळतंय. यात निष्काळजी कुणीच नव्हतं, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

तर यूव्हीबीसाठी काय करायचं? वळणावळणाचे छोटे बल्ब नको, त्यांचा झोत अरुंद आणि कमकुवत. टी-५ प्रकारची, सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी बनवलेली, १० ते १२ टक्के यूव्हीबीची नळी घ्या, पाठीमागे परावर्तक पत्रा असलेली. लांबी पेटीच्या निम्म्यापेक्षा जास्त, दोन तृतीयांशांपर्यंत. ती ऊबेच्या दिव्याच्या बाजूलाच लावायची, विरुद्ध टोकाला नव्हे. आत्ताच म्हटलं ना, पूर्वरूपाला ऊब लागते. शिवाय त्याच्या अनुभवात ऊन म्हणजे ऊब आणि प्रकाश एकत्र. ते दोन टोकांना वाटले तर तो ऊबेकडे जातो आणि यूव्हीबीला मुकतो. मध्ये काच किंवा प्लास्टिक अजिबात नको. बारीक जाळीसुद्धा बराच भाग अडवते, म्हणून शक्यतो नळी पेटीच्या आतच, छताला. अंतर किती? जाळी नसेल तर प्राण्याच्या पाठीपासून साधारण ३५ ते ४५ सेंटिमीटर, जाळी असेल तर थोडं जवळ. नक्की अंतर नळीच्या डब्यावरच्या तक्त्यात असतं, तो वाचा. अभ्यासक अतिनील निर्देशांकाच्या भाषेत बोलतात; ऊन खायच्या जागी तो ३ ते ४ च्या आसपास हवा आणि सावलीत शून्याकडे जायला हवा. म्हणजे उतार इथेही आलाच.

आणि नळी पेटते याचा अर्थ ती काम करते असा नाही. दिसणारा प्रकाश वर्षानुवर्षं टिकतो, यूव्हीबी हळूहळू विझत जातो. टी-५ नळी साधारण वर्षानं बदलायची. लावल्याची तारीख मार्करनं नळीच्या टोकावर लिहून ठेवा. गॅस सिलिंडरच्या नोंदीसारखी कॅलेंडरवर लिहिली तरी चालेल.

मध्येच एकांनी विचारलंय की पूरक डी-३ ची पूड मिळते, ती दिली तर नळीचा खर्च वाचेल का. नाही वाचणार. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात बिअर्डीची पिल्लं वाढवून हेच तपासलं होतं. रोज दोन तास यूव्हीबी मिळालेल्या पिल्लांच्या रक्तातली पातळी तोंडावाटे डी-३ दिलेल्यांना गाठता आली नाही. शिवाय तोंडावाटे दिलेलं जास्त झालं तर ते विषारी ठरू शकतं. कातडीत तयार होणाऱ्या डी-३ चा अतिरेक शरीर स्वतःच आवरतं. कॅल्शियमची पूड किड्यांवर लावायचीच, पण नळीला पर्याय म्हणून नव्हे.

खरं ऊन सगळ्यात उत्तम, त्यात वाद नाही. गच्चीवर, अंगणात जाळीच्या पिंजऱ्यात, निम्मा भाग झाकलेला, सकाळी वीस-तीस मिनिटं, आणि तुम्ही शेजारी. घारी-कावळ्यांचंही बघा. काचेचा टँक मात्र उन्हात एक मिनिटही ठेवू नका. बंद मोटारीत काय होतं ते आठवा.

आता आपल्याकडचं हवामान. इंग्रजी व्हिडिओ बघून पेटी लावणाऱ्यांची इथे फसगत होते, कारण ते व्हिडिओ थंड देशांतले. त्यांची सगळी चिंता ऊब कशी वाढवायची ही. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात चिंता उलटी असते. खोलीतच ४० अंश असतील तर पेटीत सावलीचं टोक उरतंच कुठे? अशा वेळी ऊबेचा दिवा कमी तासांसाठी, सकाळीच लावायचा. यूव्हीबी नळी नेहमीसारखी सुरू. पेटी पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला लावू नका, पत्र्याखालच्या खोलीत तर नाहीच. सावलीच्या टोकाला ओल्या फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली पेटीच्या बाहेरून टेकवून ठेवली तरी दोन-तीन अंशांचा फरक पडतो. तोंड उघडून तो दिव्याखाली बसला तर ठीक, पण सावलीच्या टोकाला जाऊनही तोंड उघडंच असेल तर ती धोक्याची घंटा. लगेच खोली गार करा. एसी असेल तर चालतो, झोत पेटीवर नको. वीज गेली की लोक हिवाळ्यात घाबरून फोन करतात. हिवाळ्यातली रात्रभराची वीजकपात तो सहज सोसतो. खरी भीती उन्हाळ्यातल्या दुपारच्या कपातीची, पण तेव्हा फोन येत नाही.

मग पावसाळा. बिअर्डीला ३० ते ४० टक्के आर्द्रता मानवते, थोडी जास्तही चालते. मुंबई-कोकणात जुलैत ती आठवडेच्या आठवडे ऐंशीच्या वर असते. अशा हवेत श्वासाचे आजार होतात : नाकाशी बुडबुडे, श्वासाबरोबर आवाज, तोंडात चिकट लाळ. मघाशी सांगितलेलं ऊन खातानाचं उघडं तोंड कोरडं असतं, हे तसं नसतं. पावसाळ्यात घरभर दोऱ्या बांधून आपण कपडे वाळवतो आणि नेमकी त्याच खोलीत पेटी असते. निदान तेवढं टाळा. पेटीच्या जाळ्या मोकळ्या ठेवा, खालचा थर कोरडा आहे ना ते रोज हातानं बघा, पाण्याचं उथळ भांडं सावलीच्या टोकाला ठेवा आणि हवेशीर दिवस मिळाला की पेटी उघडून वाळू द्या. फवारणी करायची सवय या दिवसांत बंद. जमलं तर खोलीत काही तास एसी किंवा डीह्युमिडिफायर. आमचं प्रामाणिक मत सांगायचं तर किनारपट्टीवर, ज्या घरात यातलं काहीच शक्य नाही, तिथे हा प्राणी आणूच नये. आणि हो, पावसाळ्याच्या तोंडाला सह्याद्रीत काजवे चमकतात, मुलं हौसेनं पकडून आणतात. अमेरिकेतल्या काजव्यांच्या अंगातलं विष एकाच काजव्यानं बिअर्डीचा जीव घेऊ शकतं. आपले काजवेही त्याच्यापासून लांबच ठेवा.

खाली काय पसरायचं यावर खूप भांडणं होतात. आमचं म्हणणं थोडक्यात असं. पिल्लू असेल, आजारी असेल किंवा नुकताच घरी आलेला असेल तर साधा कागद किंवा फरशी. शी कशी आहे ते दिसतं आणि स्वच्छ करता येते. निरोगी प्रौढाला कुठल्याही खताशिवायची माती आणि धुतलेली वाळू यांचं मिश्रण, दाबून, काही सेंटिमीटर जाड दिलं तर तो उकरतो, आणि उकरणं ही त्याची गरज आहे. पोटात वाळू अडकून मेल्याच्या गोष्टी ऐकतो त्यातल्या पुष्कळ ठिकाणी मूळ दुखणं ऊब कमी पडण्याचं असतं, पचनच मंदावलेलं असतं. दुकानातली रंगीत ‘कॅल्शियम वाळू’ मात्र कुणालाच नको. अक्रोडाच्या टरफलांचा चुरा नको, लाकडाचा भुसाही नको.

चढायला जाड फांद्या हव्यात, त्याच्या अंगाच्या रुंदीच्या. पेरूची फांदी मजबूत असते. उकळतं पाणी ओतून, कडक उन्हात वाळवून मग आत ठेवा. चिकाच्या झाडांच्या फांद्या नकोत : रुई, शेर, कण्हेर यांतलं काहीच नाही. लपायला एक जागा सावलीच्या टोकाला आणि जमलं तर एक मध्यावर. लपायची जागा दिली तर तो दिसणारच नाही अशी मुलांची तक्रार असते. उलट, लपता येतं म्हटल्यावर तो जास्त बाहेर येतो. त्याच्या डोक्यावर मधोमध एक फिकट ठिपका दिसतो, तो खरोखरच तिसरा डोळा आहे. चित्र दिसत नाही त्यातून, पण उजेड-सावली कळते. वरून हात आला की त्याला ती घारीची सावली वाटते. म्हणून समोरच्या काचांची पेटी, आणि हात नेहमी बाजूनं, खालून.

‘एकटा कंटाळेल, जोडी आणू का?’ हा प्रश्न प्रत्येक व्याख्यानात येतो, आजही चिठ्ठीवर आलाय. नको. हे एकटे राहणारे, हद्द सांभाळणारे प्राणी आहेत. दोघं एकमेकांवर चढून ऊन खाताना गोड दिसतात, फोटो छान येतो. प्रत्यक्षात वरचा खालच्याचं ऊन अडवत असतो. खालचा एक हात हवेत फिरवून दाखवतो, लोक म्हणतात बाय-बाय करतोय. तो म्हणत असतो, मी हरलो, मला मारू नकोस. अशा जोडीतल्या एकाची वाढ खुंटते आणि पुष्कळदा शेपटी किंवा बोटं चावलेली मिळतात.

कायद्याचंही दोन वाक्यांत सांगतो. ऑस्ट्रेलिया आपल्या वन्य प्राण्यांची व्यापारी निर्यात कित्येक दशकांपासून होऊ देत नाही. जगभरच्या घरांतले बिअर्डी बाहेर बंदिवासात जन्मलेल्या पिढ्यांचे आहेत. तिथे राहणाऱ्यांनी आपल्या राज्याचा परवाना बघावा, बहुतेक राज्यांत लागतो, आणि कुंपणावरचा उचलून घरी आणणं हा गुन्हा आहे. भारतात २०२२ च्या दुरुस्तीनं वन्यजीव संरक्षण कायद्यात आंतरराष्ट्रीय कराराखालच्या प्रजातींसाठी वेगळी अनुसूची आली, तेव्हा घेण्याआधी प्रजातीचं शास्त्रीय नाव घेऊन वनखात्यात चौकशी करा, विक्रेत्याकडून लेखी बिल घ्या. बिअर्डी महाग म्हणून कुणी घोरपडीचं पिल्लू देऊ केलं तर ते सरळ बेकायदा आहे. घोरपड पहिल्या अनुसूचीतली.

आता शेवटचा भाग, आणायच्या आधीचा आठवडा. पेटी तयार झाली की प्राणी लगेच आणू नका. रिकामी पेटी किमान चार-पाच दिवस चालवा. दिवे १२ ते १४ तास, टायमरवर. सकाळी दिवे लागल्यावर तासाभरानं, दुपारी आणि पहाटे, असं तीनदा दोन्ही टोकांचं तापमान आणि आर्द्रता वहीत लिहा. मुलांना हे काम द्या, आवडीनं करतात. फरशी ४२ च्या पुढे जात असेल तर दिवा वर घ्या किंवा वॅट कमी करा. सावलीचं टोक ३० च्या वर राहत असेल तर पेटीची जागा बदला. हे सगळं प्राणी आत नसताना करायचं. डासांची कॉइल, लिक्विड, झुरळांचा फवारा त्या खोलीत आजपासूनच बंद. सरपटणारे प्राणी बघणारा पशुवैद्य आपल्या शहरात कोण आहे हे आधी शोधून ठेवा, कारण प्रत्येक पशुवैद्य ते बघत नाही.

मागून प्रश्न आलाय की आणल्यावर तो खात नाही, किती दिवस थांबायचं. नव्या जागी पहिले काही दिवस प्रौढ बिअर्डी कमी खातो किंवा खातच नाही, रंगही गडद ठेवतो. त्या दिवसांत हाताळू नका, पाहुण्यांना दाखवू नका, सकाळी खाणं ठेवा आणि बाजूला व्हा. उरलेले किडे संध्याकाळी काढून घ्या, नाकतोडे-क्रिकेट रात्री त्यालाच चावतात. पिल्लू असेल तर इतकं थांबू नका, दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर पशुवैद्याला विचारा. आणि हाताळाल तेव्हा आधी-नंतर साबणानं हात धुवा, साल्मोनेला हा जंतू यांच्या शीमध्ये असू शकतो. त्याची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये घासायची नाहीत, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात तो द्यायचा नाही. साधारण आठवड्यानं एखाद्या सकाळी दिवा लागल्यावर तो सावलीतून उठून फरशीवर जाईल, तासाभरानं उतरून फांदीवर येईल, दुपारी पलीकडच्या टोकाला दिसेल. त्या दिवशी वहीत तापमानाच्या शेजारी तेही लिहून ठेवा : किती वाजता, कुठे. महिनाभराची अशी नोंद जवळ असली की पुढे कधी पशुवैद्याकडे जावं लागलं तर ती वही सोबत न्या.